गवळणी मावळतीला बघतात

सुभद्राबाईंना सुखाचे चित्र तोंडपाठ होते. दिवाळी आली की उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीसमोर, कोपीसमोर बसून त्या ते मनातल्या मनात उघडत. नांदूरघाट गावातले आपले घर, नुकती सारवलेली जमीन, चुलीवर कढत ठेवलेले पाणी, उंबऱ्यावर पणती. आणि कुठेही निघायची घाई नाही. पहाटे मोळ्या भरताना धुके इतके दाट उतरायचे, की शेजारी वाकलेली बाईसुद्धा सावलीसारखी भासे. त्या धुक्यातच त्यांना आपले घर सर्वांत स्पष्ट दिसायचे. प्रत्यक्षातले घर इतके देखणे होते काय, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. पण धुक्यातल्या घराला पत्र्याची गळती नव्हती, हे मात्र खरे.

साखर कारखान्याचे धुराडे पेटण्याचे दिवस आणि सणाचे दिवस बहुधा एकच पडत. त्यामुळे घर बांधून झाले, त्याला रंगही लागला, तरी त्यात दिवाळी कधी उतरली नव्हती. यंदा सुभद्राबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि मुलगा शहादेव नव्या सुनेला, मंगलला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाला. बैल जुंपता जुंपता तो म्हणाला, "माय, तू आता कोयता ठेव. यंदा घरात दिवाळी कर. लई वर्सं त्याचाच जप चालला व्हता न्हवं तुझा?"

"करते की! राणीवानी करते बघ," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तू खुशीत ऱ्हायलीस म्हंजी आमच्या हाताला बी जोर येतो."

हे शेवटचे वाक्य त्याने सहज टाकले. गाडी वळणाआड गेली, पण वाक्य अंगणातच उभे राहिले.

वसुबारस आली. घर सारवून झाले, चकल्या झाल्या, दारावर दिव्यांची माळ लुकलुकू लागली. पाठ केलेल्या चित्रातली एकेक वस्तू जागेवर येत होती. सुख आले नाही असे म्हणणे कदाचित अतिशयोक्त ठरेल. ते येऊन दाराशी थांबले असावे आणि ओळख न पटल्याने आत येत नसावे. आळीतल्या बहुतेक घरांना कुलपे होती. वारा कुलपे हलवून बघायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा. संध्याकाळी फडावरून शहादेवचा फोन येई.

"कशी चाललीय दिवाळी, माय?"

"झकास!"

फोन ठेवल्यावर हा शब्द त्यांना दुसऱ्याच्या अंगातल्या झंपरासारखा वाटे. पोराने थंडीवाऱ्यात जिच्यासाठी राबायचे, ती दिवाळी खोटी निघाली तर त्याच्या हाताला जोर कशाचा? एकदा तरी हा शब्द खरा होऊन तोंडातून निघावा, एवढेच त्यांना हवे होते.

चतुर्दशीला त्यांना उमगले, की चित्रात एक गोष्ट राहिली आहे. गवळणी. दिवाळीत रोज बायका अंगणात शेणाच्या लहान लहान बाहुल्या मांडतात. कुणी ताक घुसळणारी, कुणी पाणी आणणारी, कुणी नुसतीच मिरवणारी. फडावर बैल दावणीलाच असत, त्यामुळे शेणाला कधी तोटा पडला नाही. गावात मात्र बैल नव्हते. ते सगळे गाड्यांबरोबर उसाला गेले होते. दिवाळीच्या दिवशी गावात शेण मिळू नये, याचा त्यांना राग आला आणि हसूही आले. शेवटी पाटी घेऊन त्या सुंदरराव देशमुखांच्या गोठ्याकडे निघाल्या.

सुंदररावांच्या पत्नी छबुबाई नव्या बंगल्याच्या पायरीवर एकट्याच बसल्या होत्या.

"काय गं सुभद्रे, तू यंदा गावात?"

"हाय की, मालकीणबाई. पाटीभर शेण पायजे व्हतं, गवळणीला."

"ने की. पर आता कवा करशील? दुपार कलली. तुझ्या गवळणी काय दुपारच्या झोपा काढून येत्यात?"

"गरिबाच्या हायती. बोलवाल तवा येत्यात."

छबुबाई मनापासून हसल्या. मग त्यांची नजर अंगणातल्या चकचकीत फरशीवर गेली. "आमच्याकडं बंदच झाल्या बघ. आमचा विजयसिंह म्हणला, फरशीला डाग पडंल. पोरगा ऱ्हातो पुण्याला, आन् फरशी सांभाळते मी." त्यांनी फरशीवरून हात फिरवला. "हितंच कर की गं. मला बी शिकीव. हात विसरला माजा."

"आन् डाग?"

"पडू दे. तेवढंच कुणी बसून गेल्यावानी वाटंल."

सुभद्राबाई कचरल्या. देशमुखांच्या गोठ्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. पण छबुबाईंनी पदर खोचून गोठ्यातून पाटी भरून आणली आणि स्वतःच तिच्यात हात घातला, तेव्हा संकोचालाही बसायला जागा उरली नाही. दोघी फरशीवर समोरासमोर बसल्या. शेणाचा उबदार वास दरवळला आणि सुभद्राबाईंची बोटे आपोआप चालू लागली. एक ताकवाली झाली. तिच्या डोक्यावर तरवडाचे पिवळे फूल बसले. तिला मांडायला त्यांनी हात पुढे केला, आणि तो तसाच अधांतरी राहिला.

"कावून थांबलीस?"

"तोंड कुणीकडं करू, तेच कळंना."

फडावर हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिथल्या बायका गवळणींची तोंडे गावाकडे करीत. ही रीत पहिल्यांदा कुणी घातली, ते कुणी सांगत नाही. जुन्या बायकाही 'करतात म्हणून करायचं' एवढेच म्हणत. टोळी कुठल्याही मुलखात उतरलेली असो, गवळणी गावाकडे बघत बसायच्या, आणि त्यांच्यामागे बसलेल्या बायकाही. आता गाव पायाखालीच होते. ज्या बाजूला बघायचे, ती बाजूच उरली नव्हती.

"आमी आपल्या दाराकडं करायचो," छबुबाई म्हणाल्या.

सुभद्राबाईंनी मागे वळून बंगल्याच्या बंद दाराकडे पाहिले. मग हलकेच ताकवाली फिरवली आणि मावळतीकडे तोंड करून ठेवली. तिकडे, कित्येक गावांपलीकडे, शहादेव आणि मंगल ऊस तोडत होते.

छबुबाईंनी त्या दिशेला टक लावली. "पुणं बी तिकडंच की गं," त्या हळूच म्हणाल्या आणि आपली ओबडधोबड बाहुली ताकवालीच्या खांद्याला खांदा लावून ठेवली.

मग गवळणी येतच राहिल्या. एक कोयता घेतलेली झाली, एक चष्मा लावलेली झाली. बैलगाडी झाली; छबुबाईंच्या हातून एक मोटारही झाली, जिला सुभद्राबाईंनी डुक्कर समजून शेपूट लावले आणि दोघींनाही हसू आवरेना. उतरते ऊन फरशीवरून सोनेरी पाण्यासारखे वाहू लागले. त्या पाण्यात उसाचे तुरे हलतात, कोपीतून धूर निघतो, दूरच्या शहरातल्या एका गॅलरीत कुणीतरी येऊन उभे राहते, असे काहीसे दोघींनाही दिसत असावे. त्यातले कुणाचे काय, हे वेगळे करून सांगणे अवघड आहे.

सुंदरराव बाहेर आले आणि चपापले. "हे काय? सगळ्या घराकडं पाठ करून बसल्यात!"

"घरातल्याला रोजच बघतो आमी," छबुबाई म्हणाल्या. "तुमी पलीकडनं जावा, पाय लागंल."

दिवेलागण झाली. घरी दार उघडायचे होते, माळ लावायची होती, पणती होती. सुभद्राबाईंच्या ते ध्यानातही नव्हते. इतक्यात कमरेचा फोन वाजला. त्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. छबुबाईंनी आपली बोटे पदराला पुसली, फोन ओढून काढला आणि त्यांच्या कानाशी धरला.

"माय, कशी चाललीय दिवाळी?"

"थांब रे जरा," सुभद्राबाई घाईघाईने म्हणाल्या. "हितं ताकवाली कलंडाया लागलीय. मंग बोलते. मालकीणबाई, धरा धरा तिला!"

छबुबाईंनी फोन तसाच फरशीवर टेकवला आणि दोन्ही हातांनी ताकवालीला सावरले. पलीकडून शहादेव हसत मंगलला काहीतरी सांगत होता. ते ऐकायला इकडे कुणालाही सवड नव्हती.