धातूशिवायची पोत

लढाई लागली त्या वर्षी आम्ही हिंदी मुलखातल्या एका शहरात, कांचघर भागात राहायचो. वडील रेल्वेत, आई घरी. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहायच्या, मी त्यांना मावशी म्हणायचे. मूळच्या नागपूरकडच्या. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, जिथं गोळ्यांमध्ये दारू भरतात त्या विभागात त्या कामाला होत्या. त्यांचे यजमान फौजेत ट्रक चालवायचे आणि तेव्हा सीमेवर होते.

त्या विभागात अंगावर धातू चालत नसे. एक ठिणगी पडली तर शेड उडायची भीती. बायका गेटवरच जोडवी, तोरड्या, केसांतले आकडे काढून रुमालात बांधून ठेवायच्या. मंगळसूत्रसुद्धा. मावशींनी ते कित्येक वर्षं बिनतक्रार केलं होतं. लढाई लागली आणि त्यांचा हात मंगळसूत्र काढायला धजेना. त्यांनी ते कापडाच्या पुरचुंडीत बांधून अंबाड्यात खोवलं. चौथ्या दिवशी झडती घेणाऱ्या बाईच्या बोटांना लागलं. पुन्हा सापडलं तर नोकरी जाईल, अशी तंबी मिळाली.

त्या दुपारी त्या सरळ आमच्याकडे आल्या.

"वहिनी, ते तिकडं गोळीबारात, अन् मी इथं उघड्या गळ्यानं काम करू? काहून असं करून राहिले हे लोक?"

सांत्वन करणं आईला कधी जमलं नाही. तिनं पाणी दिलं आणि मंगळसूत्र हातात घेऊन बघत बसली. दोन सोन्याच्या वाट्या, मागं चांदीचा आकडा, तारेत गुंफलेले काळे मणी.

"मण्यांना त्यांची हरकत नाही ना?"

"मण्यांना कोण विचारते? धातू नको म्हणतात."

"मग धातू काढून टाकू."

"अन् वाट्या?"

"वाट्या घरी राहतील. सौभाग्याचे ते काळे मणीच."

मावशींनी काळ्या मण्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चलो, करून पाहा."

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन कमानिया गेटजवळच्या पटव्याकडे गेली. पटवा म्हणजे दागिने ओवून, गोंडे लावून देणारा. हा म्हातारा होता आणि पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून काम करायचा. मागं आकडाही नको, सगळं दोऱ्याचंच हवं, असं आईनं सांगितल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली.

"बिना कुंडी के? टिकेगा नहीं, बाई जी."

"नहीं टिकेगा तो फिर से बनाऊँगी. आप गाँठ सिखा दो."

तीन दिवस ती दुपारची त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. एका टोकाला दोऱ्याचीच घट्ट गुंडी, दुसऱ्या टोकाला फास, आणि प्रत्येक पाच मण्यांमागे एक गाठ. वाट्यांच्या जागी तिनं पोवळ्याचे दोन मणी घातले. मला तिनं मणी निवडायला बसवलं. भोक तिरकं असलेला मणी दोरा कापतो, म्हणून तो बाजूला. मला त्या कामात फारसा रस नव्हता, पण बोटांना ते लवकर कळायला लागलं.

पहिली पोत गेटवरून परत आली. दोरा रेशमाचा होता. तिथल्या साहेबांनी तो बोटांत घासून पाहिला आणि सांगितलं, रेशमातही घासून वीज तयार होते, सुती आणा. आईनं सगळी पोत उसवली आणि साध्या सुती दोऱ्याला मेण लावून पुन्हा ओवली. साहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "अच्छा, जाने दो."

महिन्याभरात त्या विभागातल्या बऱ्याच बायका आमच्या घरी येऊ लागल्या. रविवारी सकाळी ओसरीवर चटई पडायची. सुती दोरा घामानं कुजतो, तेव्हा पोत दर दीड-दोन महिन्यांनी नव्यानं ओवावी लागे. येताना बायका आपली घरी पडून असलेली चांदीही आणायच्या. ती काळवंडलेली असायची. आई ती रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायची, मऊ ब्रशनं नक्षीतला मळ काढायची आणि सावलीत वाळवायची. राखेनं घासलेली चांदी तिला बघवत नसे. "नक्षी गेली की उरतो पत्रा," म्हणायची. मग मलमलच्या कापडात गुंडाळून, ओल धरू नये म्हणून सोबत खडूचा तुकडा.

एके दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मावशींची पोत तुटली. मणी फरशीवर पसरले. बाकीच्या बायकांनी गुडघ्यांवर बसून ते वेचले आणि मावशींच्या पदरात बांधून दिले. मावशी रजा टाकून घरी आल्या. सीमेवरून शेवटचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. पदराच्या गाठीतले मणी त्यांनी आईपुढे ओतले.

आईनं दोरा उजेडात धरला. "घामानं कुजला आहे. हे बघा, इथं. मी गेल्या रविवारीच बदलायला हवा होता. चूक माझी आहे."

"खरंच तेवढंच आहे?"

"तेवढंच आहे."

तिथंच बसून तिनं ती ओवून दिली. मी तिच्याकडे बघत होते. नेहमी सरळ पडणारी तिची गाठ त्या दिवशी दोनदा चुकली.

पाच दिवसांनी यजमानांचं पोस्टकार्ड आलं. पोत तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती. प्रकृती ठीक, थंडी फार, लोकरीचे मोजे पाठव, एवढंच लिहिलं होतं. मावशींनी ते आईला वाचून दाखवलं आणि मग हुंदके देऊन रडल्या.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी मावशींचे यजमान सुटीवर आले. एका कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. आमच्या ओसरीवर चहा पिताना त्यांनी बायकोच्या गळ्याकडे बोट दाखवून मोठ्यानं विचारलं, "हे काय घालून राहिली तू?" मावशींनी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून गुंडी बोटांत धरली, हलकेच ओढून पाहिली. "मजबूत आहे," आईकडे बघून ते म्हणाले. आईनं बशीत आणखी चहा ओतला.

पुढं मावशींची बदली पॅकिंगला झाली. तिथं मंगळसूत्र चालायचं. बाकीच्या बायका मात्र आईकडे येत राहिल्या, तिचं मनगट दुखायला लागेपर्यंत. तिनं मलाही ती गाठ शिकवली, पण माझी गाठ सैल पडायची, म्हणून चांदी धुण्याचं काम तेवढं माझ्याकडे आलं.