चंद्राक्काने ओतलेला चहा

चंद्राक्का हाताने विड्या वळायची आणि कानाने शाळा शिकायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि समोर मी, दोन वेण्या वर बांधून, इतिहासाचं पुस्तक उघडून. निपाणीत आमच्या दोन घरांची भिंत एकच होती. मी नववीत होते आणि मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. माझा आवाज फार गोड आहे असा माझा समज होता. मी वाचायला बसले की गल्लीतली कुत्री उठून जात, तरी तो समज टिकून होता.

चंद्राक्काच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "कुणाला इचारून?" कोंबडा घरात घुसला, दिवे गेले, जावेने तिची घागर उचलली, सगळ्यांना हाच प्रश्न. देवळाच्या पुजाऱ्याने घंटा बदलली तेव्हा त्यालाही तिने हे विचारलं होतं, आणि तो बिचारा दोन दिवस जुनी घंटा शोधत होता.

त्या वर्षी आम्हाला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध होतं. मी हात नाचवत वाचलं, की इंग्लंडच्या राजाने अमेरिकेच्या भूमीवरून फ्रेंचांशी सात वर्षं लढाई केली, त्यात खजिना रिकामा झाला, आणि मग त्याने अमेरिकेतल्या लोकांवर कर बसवले. पुढे 'जुलमी' हा शब्द येणार म्हणून मी श्वास भरून घेतला होता.

"बरोबर हाय की राजाचं," चंद्राक्का दोऱ्याची गाठ मारत म्हणाली. "त्यांच्याच दारातलं भांडण. त्यानं निस्तारलं. मग खर्च काय शेजारणीनं द्यायचा?"

मला राग आला. पुस्तकात जुलमी लिहिलंय म्हणजे जुलमी. मी तिला कागदावरचा कर सांगितला, वर्तमानपत्रावरचा सांगितला, पत्त्यांवरचाही सांगितला. पत्त्यांचं ऐकून तर ती राजावर खूशच झाली. तिच्या नवऱ्याने, म्हणजे वारण्याआधी, पत्त्यांत घड्याळ, सायकल आणि तिची जोडवी घालवली होती.

मग आमच्या भागातल्या विडीच्या कारखान्याचं भांडण झालं. मालकाचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा एका बोळावरून वाद होता. तो आमचा मालक कोर्टात जिंकला, पण खर्च फार झाला. पुढच्या शनिवारी बायका विड्या जमा करायला गेल्या, तर मुकादम म्हणाला, तुम्ही त्याच बोळातनं येता, भांडण तुमच्यासाठीच झालं, तर आता हजारामागे चाळीस विड्या फुकट जास्त द्यायच्या.

चंद्राक्का घरी आली ती टोपली न ठेवता उंबऱ्यातच बसली.

"सुमे, त्या राजाचं परत वाच."

मी वाचलं. माझ्या मते मागच्यापेक्षा जास्त गोड आवाजात.

"आज उलटं ऐकाय आलं," ती म्हणाली. "भांडताना इचारलं न्हाय, आन् वाटणी घालताना आमीच."

दुसऱ्या दिवसापासून बायकांनी कारखान्यातून पानं घेणं, म्हणजे कामच, बंद केलं. हे म्हणायला सोपं. चंद्राक्काची चूल त्या पानांवर चालायची आणि धाकटी लेक सहावीत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या घरात नुसती आंबील होती, आणि ती मला म्हणाली की अमेरिकेत आंबील मिळती काय ते बघून सांग. पाचव्या दिवशी मुकादम नरमला. चाळीस सोडून पाचच विड्या, शिवाय दर शनिवारी मालकातर्फे फुकट चहा, बुडवायला कडक बटर. बायका खूश. मी तर गल्लीत 'विजय' या विषयावर भाषण केलं.

चंद्राक्का तेवढी "पाचच का ठेवल्या?" असं पुटपुटत राहिली.

योगायोग असा, की आमचा धडाही तिथेच आला होता. राजाने बाकीचे कर उठवले, चहावरचा ठेवला, वर चहा स्वस्त करून पाठवला. आणि लोकांनी तो बोस्टनच्या बंदरात ओतला. वर्गात बाईंनी विचारलं होतं, स्वस्त चहा का ओतला असेल? मी हात वर करून सांगितलं होतं, "नासला असेल, बाई." वर्ग आठवडाभर हसत होता. हे सगळं मी चंद्राक्काला सांगितलं, ती मात्र हसली नाही. वळता हात तिने थांबवला.

"पाच विड्यांनी मालकाचं काय भागतंय गं? त्याला विड्या नगोत. आमची मान हलल्याली पायजे. एकदा पाचाला व्हय म्हटलं, की पन्नासाला कोण इचारतंय?"

त्या शनिवारी मी तिची टोपली धरायला गेले. बायका रांगेत. मुकादमाने किटलीतून कप भरले. चंद्राक्काने कप घेतला, दोन पावलं गेली आणि चहा गटारात ओतला. मागचीने ओतला. तिच्या मागचीने ओतला. गटारातून वाफ निघत होती आणि मी बोस्टनचं बंदर बघितल्यासारखी थरारले होते. थरारात हातात काय आहे ते कळलं नाही. मुकादमाचा आवाज आला, "बघा, ही शिकल्याली पोरगी पितीय की."

कप माझाच होता. रिकामा. बटरसुद्धा संपलं होतं.

चंद्राक्काने माझ्याकडे पाहिलं. "पुस्तक हाय ते, मुकादम. त्याला चव कळत न्हाय."

मग मुकादमाने वही काढली, चंद्राक्काचं नाव लिहिलं आणि सोमवारपासून तुला पानं बंद म्हणाला. तिचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण मागची पुढे आली आणि म्हणाली, माझंबी लिवा. मग तिच्या मागची. मुकादम इतकी नावं लिहीत बसला की शेवटी त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि स्वतःच चहा प्याला. सोमवारी त्या पाच विड्या गेल्या. पुढे काही बदलायचं झालं की मालक आधी दोन बायकांना बोलावून खुर्ची द्यायचा. चंद्राक्काचे पाय त्या खुर्चीवरून जमिनीला टेकत नसत. ते हलवत ती मालकाला पहिला प्रश्न कोणता विचारायची, हे सांगायला नको.

मी पुढे बेळगावात इतिहास शिकवला, तीस-बत्तीस वर्षं. निपाणीला गेले की ती सगळ्यांना माझी ओळख करून द्यायची, "ही आमची चहा पिल्याली मास्तरीण."

शेवटची भेटले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. सुनेने न विचारता चहा आणून माझ्या हातात दिला. चंद्राक्काचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे.

"तिला इचारलंस काय गं?"

सून गोंधळली. चंद्राक्काने एक डोळा उघडून माझ्याकडे वळवला. "पिणार हाईस, का ओतायचा?"

"पिते," मी म्हटलं.

महिन्याभराने ती गेली.

आता माझ्या घरी आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, चहा घेणार का. नातवंडांना लाज वाटते. आजी, असं विचारणं म्हणजे कंजूषपणा, पाहुणे काय म्हणतील, असं मला ऐकवतात. म्हणू देत. चंद्राक्कासमोर मी दोन वेळा चहा प्याले. दुसऱ्या वेळी मला विचारलं होतं.