काकाचा गजर आणि भांडुपचा माणूस

शिधावाटप कार्यालयात तीस वर्षं मी लोकांची कागदपत्रं तपासली. त्या नोकरीने मला पेन्शन दिलं आणि एक खोड लावली. समोरचा माणूस बोलायला लागला की मी आधी त्यात खोट शोधतो. बायको म्हणते, लग्न ठरताना तिची पत्रिकासुद्धा मी दोनदा तपासली होती. हे खरं नाही, एकदाच तपासली होती.

त्यामुळे एका रविवारी सकाळी पंचाहत्तरी ओलांडलेला एक अनोळखी माणूस चारकोपच्या आमच्या घराच्या दारात उभा राहिला आणि त्याने माझ्या काकाचं नाव घेतलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. तो भांडुपहून दोन बसगाड्या बदलून आला होता. म्हणाला, एकाहत्तरच्या लढाईत मी तुमच्या काकाच्या पलटणीत होतो, त्यांच्या घरच्यांना भेटायचं आहे.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. त्या लढाईत तो गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. देह घरी आलाच नाही. तार आली, मग काळी ट्रंक आली. काकी माहेरी परत गेली नाही, आमच्यातच राहिली. गिरणीच्या चाळीतून आम्ही चारकोपला आलो तेव्हा ती ट्रंकही तिच्याबरोबर आली. आज ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती कमी बोलते, आणि काकाबद्दल तर काहीच बोलत नाही.

आमच्या गाववाल्यांचं भजनी मंडळ आहे. मी त्यातला बुवा, म्हणजे पेटी घेऊन पुढे बसणारा आणि गाणारा. आमच्या कोकणी भजनात मध्येच गजर येतो. ओळखीच्या चालीवर बुवाने स्वतः शब्द बांधायचे आणि टाळकऱ्यांनी ते मागून उचलून धरायचे. डिसेंबरात काकाच्या पुण्यतिथीला घरी भजन असतं आणि त्यात मी रचलेला काकाचा गजर असतो. हातात तिरंगा, छातीवर गोळी, ओठांवर हसू, असा तो गजर आहे. चांगला जमलाय, डोळ्यांतून पाणी काढतो. मंडळातल्या कुणीतरी तो मोबाइलवर टाकला होता. या माणसाच्या सुनेने त्याला दाखवला, आणि त्यात गावाचं आणि काकाचं नाव ऐकून तो शोधत आला होता.

इथवरची गोष्ट पटण्यासारखी होती, म्हणूनच मला ती पटेना. काकी माझ्या बायकोबरोबर डॉक्टरांकडे गेली होती, ते बरंच झालं. मी त्याला बाहेर खुर्ची दिली. पाणी दिलं, चहा विचारला नाही, आणि प्रश्न सुरू केले.

कुठल्या कंपनीत होतात? तो घुटमळला. म्हणाला, मी बॅंडमध्ये होतो, क्लॅरिनेट वाजवायचो. मला हसूच आलं. लढाईत क्लॅरिनेट! मी विचारलं, काका पडला तेव्हा तिरंगा त्याच्या हातात होता ना? तो म्हणाला, "तिरंगा कुठला हो, चिखलातून चाललो होतो सगळे." गोळी छातीत लागली ना? नाही, पोटात. जागच्या जागीच गेला ना? त्यावर तो मान हलवून नाही म्हणाला.

अर्ज नामंजूर करायला एवढं पुरेसं होतं. या माणसाला एकही गोष्ट धड माहीत नव्हती. कोकणातल्या आमच्या काकाचा हा बोलण्यावरून घाटावरचा वाटणारा दोस्त कुठून उगवला, तेही मला कळेना. शाल-श्रीफळ हवं असेल, किंवा पेपरात फोटो. काय हवं ते असो, पण काकीच्या जिवाशी खेळ नको होता. आपला माणूस एका क्षणात, हसत गेला, एवढ्यावर ती बाई जगली होती, असं मी धरून चाललो होतो. ते कुणी ओरबाडून न्यावं हे मला चालणार नव्हतं. मी त्याला सांगितलं, काकीची तब्येत बरी नसते, पुन्हा येऊ नका. तो चिडला नाही. बसच्या तिकिटामागे फोन नंबर लिहून दिला आणि गेला. चिडला नाही, याचाही मला संशय आला.

शेजारच्या सोसायटीत सिक्युरिटीचा सुपरवायझर माजी सैनिक आहे. संध्याकाळी मी त्याला हा किस्सा रंगवून सांगितला. लढाईतला क्लॅरिनेटवाला ऐकून तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"बॅंडवालेच उचलतात रे जखमींना," तो म्हणाला. "लढाई लागली की वाद्यं मागे ठेवतात आणि स्ट्रेचर धरतात. तुला काय वाटलं, तिथे वरात काढतात?"

मी तरीही हट्ट सोडला नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, असेल बॅंडवाला, पण बाकी सगळं चुकीचं सांगतो. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, चुकीचं कशावरून? मी म्हटलं, गजरात सगळं आहे ना.

"गजर कोणी लिहिला?"

मी लिहिला होता. तारेत फक्त वीरमरण आल्याचं होतं. तिरंगा मी घातला, कारण तिथे एक शब्द कमी पडत होता. छाती यमकासाठी आली. हसू चालीत छान बसलं. वीस वर्षं गाऊन गाऊन ते मला डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायला लागलं होतं, आणि त्यावरून मी एका साक्षीदाराची परीक्षा घेतली होती. मला माझीच लाज वाटली.

मी कागद टाकत नाही, त्यामुळे तिकीट होतं. फोन करून त्याला पुण्यतिथीला बोलावलं. पण खोड जात नाही. मी अट घातली, काकीने विचारलं तर जागच्या जागी गेले असंच सांगायचं. तो म्हणाला, बघतो.

पुण्यतिथीच्या संध्याकाळी मंडळी जमली होती, काकाच्या फोटोला हार घातला होता. तो आला, फोटोला ताठ उभं राहून सलाम केला आणि काकीसमोर सतरंजीवर बसला. काकाच्या पलटणीतले आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं. काकीने त्याला नीट पाहून घेतलं. मी पेटी पुढे ओढली, पण कान तिकडेच होते.

"भावजी, तेंका खूप त्रास झालो काय?" काकीने विचारलं. "खरां सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं. त्याने नजर काढून घेतली.

"हो वहिनी. खूप झाला."

मग त्याने सांगितलं. भातखाचरांतून तीन तास चौघांनी काकाला उचलून नेलं होतं. पाणी मागत होता, पण पोटात गोळी असल्याने देता येत नव्हतं. शत्रू जवळ होता, ओरडून चालणार नव्हतं. काका म्हणाला, काहीतरी गा. याला गाणी येत नव्हती, बॅंडच्या चाली येत होत्या. त्याच तो काकाच्या कानाशी हळू गुणगुणत राहिला. काका त्याची बाही धरून रडत होता आणि घरी जायचंय म्हणत होता.

कुणी टाळ उचलला नव्हता. काकी रडेल म्हणून माझी बायको पुढे सरकली, पण काकी रडली नाही. तिने त्याच्या हाताची बाही दोन बोटांनी धरली आणि माझ्याकडे मान वळवली.

"ह्यो दरवर्सा गाता, हसत हसत गेले म्हणान," ती त्याला म्हणाली, पण पाहत होती माझ्याकडे. "माका सोडून जाताना तेंका हसू कसां इलां?"

वीस वर्षं मी गजर सुरू केला की काकी उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, मंडळींसाठी चहा ठेवायला जाते.