खुंटीवरून उतरवलेला पाय

तिला सगळे पेटीवाली म्हणतात. गाण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. गळा असा की सासूबाई म्हणतात, "तू गुणगुणू नकोस बाई, दूध नासतं." पेटी म्हणजे सर्व्हर. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या कारखान्यातला काळा, गुडघ्याएवढा, रात्रंदिवस घरघरणारा डबा.

नोकरीला लागली होती येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं टिपायला. तिच्या खुर्चीमागच्या खोलीत पंखा बरा चालायचा, म्हणून पेटी तिथं आणून ठेवली. कारखान्याच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या पाठीशीच आहे, जरा लक्ष ठेव." झालं, गळ्यात पडली ती पडलीच. आधी नुसतं चालू-बंद, मग वायरी, मग पासवर्ड विसरलेल्यांची बोलणी. मारक्या गाईची धार काढायला शिकावं तशी बाई शिकली. आधी लाथा खाल्ल्या, मग दूध निघालं.

पेटीत काय असतं? लोकांचे पाय. कुणाचा हात. पूर्वी माणूस आला की त्याच्या उरलेल्या थोटकाला प्लॅस्टर गुंडाळायचे, त्याचा साचा काढायचे आणि त्या साच्यावरून पायाची वाटी बनवायचे. वाटी म्हणजे थोटूक जिच्यात बसतं तो भाग. सगळा खेळ तिचाच. खालची दांडी आणि पाऊल कुणाचंही कुणालाही चालतं, पण वाटी ज्याची त्यालाच बसते. आता प्लॅस्टरऐवजी थोटकाभोवती स्कॅनर फिरवतात आणि त्याचा आकार फाइल होऊन पेटीत जाऊन बसतो.

पेटी मेली तर? म्हणून शेजारी दुसरा डबा. रोज रात्री पेटीतलं सगळं त्यात उतरवून घेतलं जातं आणि सकाळी पेटीवालीला अहवाल येतो. काम झालं असं हिरव्या अक्षरात, आणि खाली एक पिवळा त्रिकोण: अमुक फाइली यादीत होत्या, पण उचलायला गेलो तेव्हा सापडल्या नाहीत. पहिल्यांदा त्रिकोण दिसला तेव्हा तिनं डबा बसवून देणाऱ्याला फोन लावला होता.

"ताई, त्या तात्पुरत्या फाइली," तो म्हणाला होता. "प्रोग्राम उघडला की जन्मतात, मिटला की मरतात. चिलटं समजा."

तेव्हाच्या त्रिकोणात खरंच चिलटंच होती. अगम्य आकडे, वाकडीतिकडी चिन्हं. मग त्रिकोण घरातल्या पालीसारखा झाला. रोज दिसतो, म्हणून कुणी बघत नाही.

त्या दिवशी दुपारी तिचा दीर लंगडत कारखान्यात आला. दीर लोखंडी गेटं बनवतो. असंच एक गेट अंगावर कोसळलं आणि गुडघ्याखालचा पाय गेला. नवा पाय इथूनच मिळाला, पण सुखासुखी नाही. वाटी कधी पुढून चावायची, कधी मागून. जखम भरायची, पुन्हा फुटायची. दर खेपेला फाइलीत इथं तासायचं, तिथं भर घालायची. या खटाटोपात त्याचा अर्धा धंदा बसला. शेवटी एकदाची वाटी जमली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सूनसुद्धा इतकी पारखून आणली नव्हती."

आता तीच वाटी तडकली होती. दिरानं तिला लोखंडी पट्टी आवळली होती.

"भावोजी, गेटाला मारता तशी पायाला पट्टी मारली?"

"माझं एक गेट परत आलेलं नाही अजून," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "पण चावतंय, वहिनी. सोमवारपासून मोठं काम आहे, दिवसभर उभं राहायचं. भागीदारानं स्पष्ट सांगितलंय, या वेळी बसलास तर दुसरा माणूस बघतो."

"तुमचा पाय पेटीत आहे," ती म्हणाली. "उद्या मशीन त्याच फाइलीवरून नवी वाटी काढील, जशीच्या तशी. चिंता कसली करता?"

त्याला धीर यावा म्हणून तिनं त्याच्यासमोरच फोल्डर उघडलं. वर दिराचं नाव होतं. आत काहीच नव्हतं.

तिनं फोल्डर मिटून पुन्हा उघडलं. माणूस खिसा दोनदा चाचपतो तसं.

"काय झालं?"

"काही नाही. पेटी हळू आहे आज. तुम्ही घरी जा, मी येते."

तो गेल्यावर तिनं दुसरा डबा उघडला. नक्कल तरी असेलच की. तिथंही दिराचं नाव, आणि नावाखाली तीच मोकळी जागा.  मग तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या सकाळचा त्रिकोण नीट वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. वरची चारदोन चिलटं गेली आणि खाली माणसं सुरू झाली. पोस्टमन, डावा गुडघा. शाळेतल्या बाई, उजवा हात. केस कापणारा, डावं पाऊल.  ती जुने अहवाल मागे मागे काढत गेली. काही महिन्यांपूर्वीच्या एका त्रिकोणात दीर होता. नावानिशी. सकाळच्या चहासोबत तिनं त्याला पालीसारखा बघितला होता आणि मिटवला होता.

तिनं डबा बसवून देणाऱ्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. 

"ताई, मूळ जागी जी वस्तू नाही, तिची नक्कल डबा महिनाभर धरून ठेवतो. मग झाडून टाकतो. जागा भरू नये म्हणून आपणच तसं लावलंय."

"म्हणजे माझ्याच डब्यानं पुसली?"

"पुसली म्हणजे... सांगून पुसली. रोज सांगत होता तो."

तिच्या तोंडात कुणीतरी फाडकन मारल्यासारखं झालं. तो बरोबर बोलत होता, म्हणून जास्त लागलं.

पण पेटीतून मुळात फाइली नेतो कोण? तिनं मन घट्ट केलं आणि ओळींपुढच्या वेळा बघितल्या. माणसांच्या सगळ्या फाइली पहाटे, कारखाना उघडायच्या आधी गायब झालेल्या. डबा रात्री आधी यादी करतो, मग एकेक उचलत जातो, आणि स्कॅनच्या जड फाइलींपर्यंत पोचायला त्याला सकाळ होते. यादी झाल्यावर आणि उचलायच्या आत कुणीतरी हात मारत होतं. चोर? व्हायरस? घरी ती जेवायला बसली. दिरानं विचारलं, "वहिनी, निघाला का पेटीतून माझा पाय?" ती म्हणाली, "शोधतेय." शोधतेय म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, कारण आदल्या बोलण्यात शोधायचं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती मागच्या दारानं कारखान्यात जाऊन पेटीच्या खोलीत दबा धरून बसली. पुढच्या दाराचं कुलूप निघालं. आत आले साचेकाका.

साचेकाका म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना हात. प्लॅस्टरच्या काळापासूनचा. दिराची वाटी जमवली ती त्यांनीच. पोरं यायच्या आत निवांत काम होतं म्हणून ते रोज लवकर येतात. त्यांनी चपला काढल्या, चष्मा पुसला, आपल्या टेबलावरचा संगणक लावला आणि दोन बोटांनी पेटीतल्या फाइली एकेक करून कापून आपल्या संगणकावर ओढायला लागले. नक्कल घेत नव्हते. कापत होते.

पेटीवाली खोलीतून निघून त्यांच्या मागं उभी. तिला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज निघाला तो भलताच बारीक.

"काका, काय करताय?"

"अगं बाई!" ते दचकले. "काय म्हणजे? साचे उतरवतोय."

"कापून का नेताय?"

"मग कसे न्यायचे? पूर्वी भिंतभर खुंट्या होत्या. ज्याला काम करायचं त्यानं साचा उतरवून आपल्या टेबलावर न्यायचा. खुंटी रिकामी दिसली की बाकीच्यांना कळायचं, साचा कामात आहे, हात लावायचा नाही. वर राहिला तर येणारा जाणारा तासतो त्याला. आमची पोरं बघतेस ना, हात कसे वळवळतात."

"परत कधी टांगता?"

"वर्षभरानं. पाय मुरला पाहिजे की नको अंगात? तक्रार आली नाही की मग परत खुंटीला."

ती स्टुलावर बसली. म्हातारा चोर नव्हता, व्हायरस नव्हता. तो आयुष्यभर जे नीट केलं तेच नीट करत होता. आणि गेल्या कित्येक महिन्यांचे सगळे पाय या एका जुनाट, धुळकट संगणकात पडले होते, शेवटच्या महिन्यातले सोडले तर दुसरीकडं कुठंही नव्हते.

"आमच्या भावोजींचा आहे का तुमच्याकडं?"

"आहे की. हा काय." त्यांनी बोट ठेवलं.

तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात संगणकाच्या पोटातून कर्र... कट, कर्र... कट असा आवाज आला. साचेकाकांनी संगणकाला कडेनं सणसणीत थाप मारली. आवाज थांबला.

"अधूनमधून करतं असं. थाप दिली की बरं होतं."

"काका, हात लावू नका!" आता मात्र तिचा आवाज निघाला, आणि असा निघाला की म्हातारा चष्म्यासकट मागं सरकला. "मरायला टेकलाय तो!"

तिनं वायर जोडली आणि फाइली पेटीकडं पाठवायला लागली. दिराची पहिली लावली. अर्ध्यात अडकली. सोडून बाकीच्या घेतल्या. पोस्टमन आला, शाळेतल्या बाई आल्या, केस कापणारा आला. मधेच कर्र व्हायचं आणि फाइल जागच्या जागी थांबायची. पुन्हा दिराची लावली. अडकली. तिसऱ्या खेपेला संगणकानं कट् असा एक कोरडा आवाज काढला, पडदा काळा पडला आणि मग थापेनंही उठला नाही.

साचेकाका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "त्याचाच?" एवढंच म्हणाले.

दीर फोन केल्यावर आला. तिनं आडवळण घेतलं नाही. काय झालं, कसं झालं, त्रिकोण आपण कसा बघितला नाही, सगळं सांगितलं.  

"एकच पाय," तो म्हणाला, "दोनदा गेला माझा."

 मॅडम आल्या, त्यांनाही सगळं सांगितलं. पुन्हा स्कॅन, पुन्हा तासणं, पुन्हा जखमा. आणि सोमवार तर तोंडावर. दिरानं पट्टी सोडून पाय काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला. पेटीवाली त्या पायाकडं बघत होती. तडा बाहेरून. आतली वाटी तशीच, गुळगुळीत, थोटकाच्या घामानं काळपट झालेली. ती उठली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"काका, हीच नक्कल आहे ना?"

साचेकाकांनी पाय ओढून घेतला, आत बोटं फिरवली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण लगेच विझलं. "स्कॅनर आत जायचा नाही. प्लॅस्टर ओतावं लागेल. सुकलं की वाटी कापून सोलायची, तेव्हा साचा निघेल."

"कापून?" दीर म्हणाला.

"तोंड अरुंद आहे बाबा. तशी निघत नाही." ते थांबले. "आणि सोलताना साचा मोडला, तर वाटीही गेली आणि साचाही. चावरा का होईना, आज पाय आहे तुला. मग तोही नाही."

दिरानं आधी पायाकडं बघितलं, मग म्हाताऱ्याच्या हातांकडं. कापरे होते ते, पण आत्ताच नाही, नेहमीचेच.

"गेट काढायचं तर बिजागरी कापावीच लागते," तो म्हणाला. "कापा."

प्लॅस्टर सुकेपर्यंत पेटीवालीनं दहादा हात लावून बघितला आणि दहादा बोलणी खाल्ली. मग साचेकाकांनी पातळ पात्याची करवत घेतली. खोलीत फक्त करवतीची खरखर. वाटी दोन्हीकडून उकलली. टक् असा आवाज झाला तेव्हा पेटीवालीनं डोळे गच्च मिटले.

"उघड डोळे," साचेकाका म्हणाले. "टवका उडालाय. तड्याच्या जागी. बाकी सगळा आलाय."

साच्याचं स्कॅन केलं, टवक्याची जागा म्हाताऱ्यानं अंदाजानं भरली, मशीननं वाटी काढली. दिरानं घातली, चार पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं. "इथं." साचेकाकांनी गरम हवेनं तेवढी जागा मऊ केली आणि अंगठ्यानं दाबली. पुन्हा चार पावलं. मग दाराबाहेर. मग रस्त्याच्या टोकापर्यंत. सोमवारी तो कामावर उभा होता.

प्लॅस्टरचा साचा तो घरी घेऊन गेला. "पेटीवर माझा भरवसा नाही," वहिनीच्या तोंडावर म्हणाला आणि कपाटावर ठेवला. सासूबाई सकाळी दचकून ओरडल्या, मग म्हणाल्या, "एक गेला म्हणून रडत होतो, आता घरात तीन झाले."

साचेकाकांना नवा संगणक मिळाला. नक्कल कशी घ्यायची ते पेटीवालीनं त्यांना शिकवलं. टेबलामागच्या भिंतीत त्यांनी स्वतः खुंट्या ठोकल्या. ज्याची फाइल कामात, त्याच्या नावाचा पत्र्याचा तुकडा खुंटीला. पोरं हसतात, पण तुकडा लटकत असला की हात लावत नाहीत.

आणि पेटीवाली रोज सकाळी त्रिकोण वाचते, ओळीवर बोट ठेवून. चिलट, चिलट, चिलट. परवा बोट थांबलं. चिलटांखाली माणूस होता: फुलं विकणारी, उजवा गुडघा.  चहा तसाच ठेवून ती धावत साचेकाकांच्या टेबलाशी गेली.

म्हाताऱ्यानं तिचा चेहरा बघितला, मग आपल्या बोटांकडं बघितलं.

"गेला हात," ते खाली बघत म्हणाले. "सवयीनं गेला गं."

"टांगा परत," ती म्हणाली आणि फाइल पेटीत दिसेपर्यंत त्यांच्या खुर्चीमागून हलली नाही.