सलाइनचा हात

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. एका सकाळी राधानगरीकडून आठ महिन्यांची एक मुलगी आली. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेली, डोळे खोल गेलेले, रडताना डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. सोबत तिची आई आणि आईची आई. आजी मणेर होती, आठवडी बाजारात बांगड्या भरायची.

डॉक्टरांना तिसऱ्या खेपेला डाव्या हातावर शीर सापडली. सुई हलू नये म्हणून मी हाताखाली पुठ्ठा ठेवला आणि बोटांपर्यंत पट्टी गुंडाळली. पट्टी इतकी नीट बसली की माझं मलाच बरं वाटलं.

दुपारी आजी माझ्या टेबलाशी आली. "सिस्टर, पोरीचा हात सुजलाय."

"मावशी, पट्टीमुळं तसं दिसतं. सलाइन चालू आहे, बघा की." थेंब खरंच पडत होते.

"दिसायचं न्हाय सांगत मी. धरून बघितलं. चाळीस वर्सं बांगड्या भरतीया, हात हातात आला की माप कळतंय. ह्यो सकाळचा हात न्हवं."

मला जरा रागच आला. तिच्या समाधानासाठी म्हणून उठले. पट्टीबाहेर बोटांची टोकं तेवढी होती. ती गार लागली. मग मात्र मी घाईनं पट्टी सोडली. हात मनगटाच्या वरपर्यंत फुगलेला, कातडी ताणून पांढरी पडलेली. सुई शिरेतून निसटली होती आणि सलाइन मांसात जात होतं.

मी सलाइन बंद केलं, सुई काढली, इनचार्ज सिस्टरना हाक मारली. त्यांनी हात निरखून पाहिला, घडी केलेल्या चादरीवर उंच ठेवला. म्हणाल्या, "कातडी शाबूत आहे, उतरेल सूज. पण सुईची जागा कधी झाकायची नाही."

डॉक्टरांनी पायाला नवी सुई लावली. या वेळी मी जागा उघडी ठेवली, आणि थोड्या थोड्या वेळानं दोन्ही पाय हातात घेऊन ताडून बघत राहिले.

"मावशी, चुकलं माझं," मी आजीला म्हटलं.

"व्हतंय की. आता पोरीकडं बघा."

संध्याकाळपर्यंत हात मऊ पडला, बोटांत ऊब आली. माझी ड्यूटी संपता संपता आईनं मला बोलावलं. दुपटं लघवीनं ओलं झालं होतं, दिवसभरात पहिल्यांदाच. त्या ओल्या दुपट्याकडं बघून आम्ही तिघी हसलो. मुलगी रडत होती, आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.