इंजिन बंद करायचं पान

सत्तरच्या दशकात एका कंपनीनं मला डिझेल इंजिनाची माहितीपुस्तिका मराठीत लिहायला दिली होती. महिना झाला तरी पहिलं पान पुढे सरकेना. इंग्रजी वाक्यं मराठीत आणली की ती मलाच कळत नसत. शेवटी मी गोरेगाव नावाच्या एका खेड्यात गेलो आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या दुकानात वही उघडून बसलो.

मिस्त्री पन्नाशीचे होते. इंजिन सुरू झालं की डोळे मिटून त्यावर तळहात ठेवत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय लिवून राहिले, साहेब?”

“इंजिन सुरू कसं करायचं, तिथंच अडलोय.”

“पयलं बंद कसं करायचं ते लिवा,” ते म्हणाले. “चालू करायला समदेच शिकतेत. माझ्या थोरल्या भावाची लुंगी इंजिनाच्या पट्ट्यात गुतली, तवा बाजूला चौघं हुबे होते. बंद करनं एकालाबी म्हाईत न्हवतं.”

मी वहीत नव्या पानावर लिहिलं, ‘इंजिन बंद कसं करायचं’. त्याच दुपारी पहिलं पान एका बैठकीत लिहून झालं.

पुस्तिका छापून आल्यावर मी ती त्यांना वाचून दाखवायला गेलो, तर दुकान बंद. ते लेकीकडे राहायला गेले होते. कुठल्या गावी, ते कुणालाच सांगता येईना. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. नाव विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. एक प्रत अजून माझ्याकडे आहे. ते पान त्यांनी एकदा ऐकायला हवं होतं.