पडणाऱ्याला कळतं का?

“यांना इथं कुणी आणलं?”

सरांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि सभागृहाला विचारलं. बोट माझ्या आत्याकडं. ती शेवटच्या रांगेत उभी होती. दवाखान्यातल्या आयाच्या ड्यूटीवरून थेट आलेली, पांढऱ्या लुगड्यात.

सभागृह हसलं. मीही हसलो.

कोठी भागातल्या त्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मराठीतून भौतिकशास्त्राच्या गप्पा व्हायच्या. कुणीही यावं, काहीही विचारावं, असं बाहेरच्या पाटीवर होतं. सर चालवायचे. निवृत्त शास्त्रज्ञ, आणि मी शिकवायचो त्या कॉलेजच्या कमिटीवर. बाकीचे वक्ते आपली उत्तरं आपण द्यायचे. माझं व्याख्यान असलं की उत्तरं सर द्यायचे. तसा नियम कुणी सांगितला नव्हता. मला कळायचं. मी माइक देऊन खाली बसायचो.

त्या दिवशी मी कृष्णविवरावर बोललो. प्रकाशालासुद्धा न सोडणारं. भोवती एक सीमा, ती ओलांडली की सुटका नाही. आत्या उठली. “त्या रेघेवरून आत पडणाऱ्याला कळतं का, आता माघारी नाही म्हणून?”

सर म्हणाले, “बाई, इथं विज्ञान चाललंय. असलं तुमच्या विहारात विचारा.” आणि मग, कुणी आणलं.

मी आणलं होतं. आईबापाच्या मागं मला तिनंच वाढवलं. एवढं म्हणायला काय लागतं? मी खाली बसलो.

तेलुगू राज्य तुटून दोन व्हायचे दिवस होते. आज बंद, उद्या बंद. दुकानदार अर्धं शटर ओढूनच बसायचे. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेली माणसं स्टाफरूममध्ये एकमेकांना गाव विचारू लागली. आजोबा मराठवाड्यातून आले, आमच्या तीन पिढ्या इथंच गेल्या. पण मी ना या बाजूचा, ना त्या बाजूचा. त्यात कंत्राटी. जूनमध्ये कोण राहणार ते कमिटी ठरवणार होती. सर म्हणाले होते, बघू. त्या ‘बघू’वर मी हसलो.

स्कूटरवर आत्या मागं बसली. अफझलगंजच्या पुलावर पोलिसांच्या गाड्या रांगेनं उभ्या. माणूस दिसत नव्हता. खालून मूसी नदीचा वास. ती म्हणाली, “सांग की आता. हितं कुणी नाही.”

मी सांगितलं, विवर मोठं असलं तर नाही कळत. रेघ ओलांडताना काहीच जाणवत नाही. सगळं पहिल्यासारखंच वाटतं.

पूल संपला.

“हौ,” ती म्हणाली. “म्हणूनच हसलास तू.”

पुढच्या महिन्यात पुन्हा मलाच बोलायचं होतं. आत्याला म्हटलं, चल. “नक्को.” भाकरी थापत राहिली. वर बघितलंसुद्धा नाही.

मी एकटा गेलो. माइक हातात घेतला आणि विषयाला हात घालायच्या आधीच बोललो. “मागच्या वेळी आपण जिला हसलो, ती माझी आत्या. तिला मी आणलं होतं. प्रश्न तिनं मला विचारला होता. उत्तर मी देणार.”

सरांनी माइकसाठी हात पुढं केला. हळूच म्हणाले, “जूनचा विचार करा.”

मी माइक दिला नाही. त्यांनी भिंतीवरचं माइकचं बटन बंद केलं. मी ओरडून बोललो. पुढच्या दोन रांगा उठून गेल्या. मागचे बसले होते, तेही माझ्याकडं बघत नव्हते.

जूनमध्ये नोकरी गेली. सर शब्दाला पक्के निघाले. राज्यही त्याच महिन्यात तुटलं.

आता दिलसुखनगरच्या कोचिंगमध्ये शिकवतो. रविवारी विहारात भौतिकशास्त्र बोलतो. कधी कुणाच्या पार्किंगमध्ये, कधी गच्चीवर. मराठी, दखनी, अडलं की तेलुगू. आत्या एकदाही आली नाही. हल्ली मी बोलावत नाही.

माझ्याकडं नियम एकच. कुणाच्या प्रश्नाला कुणी हसलं की मी थांबतो. हसणाऱ्यानं उभं राहायचं आणि तोच प्रश्न सगळ्यांसमोर परत विचारायचा. तोवर पुढं एक शब्द नाही. एकदा एक डॉक्टर चिडून निघून गेले. जाऊ दिलं.

सुरुवात मात्र दुसऱ्याकडून करत नाही. या सगळ्यांच्या आधी हसलेला मी आहे. म्हणून दर रविवारी पहिल्यांदा मी उभा राहतो आणि आत्याचा प्रश्न मोठ्यानं विचारतो. तिचं नाव घेऊन. माझी कोण ते सांगून.